श्रीलंकेतील पक्षिनिरीक्षण पर्यटन

श्रीलंकेतील पक्षिनिरीक्षण पर्यटन : पक्षी पाहण्यासाठी श्रीलंकेत केला जाणारा प्रवास. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. एवढ्या जागेत सदाहरित वर्षावन, धुक्यातली उंच पठारे, काटेरी झुडपांचे रान, राजेरजवाड्यांच्या काळातले तलाव आणि खारफुटीची खाजणे आहेत. साडेचारशेहून अधिक जातींच्या नोंदी असून त्यांपैकी तेहतीस-चौतीस जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात इतरत्र नाहीत. हा आकडा यादीगणिक बदलतो, कारण एखादा पक्षी स्वतंत्र जात मानायचा की भारतातल्या जातीची उपजात, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

कुठला पक्षी कुठे मिळणार हे बरेचसे पाऊस ठरवतो. नैर्ऋत्य मोसमी वारे मध्यवर्ती डोंगरांना अडतात, त्यामुळे बेटाच्या नैर्ऋत्येला वर्षाकाठी २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर उत्तर व पूर्व भाग कोरडा राहतो. प्रदेशनिष्ठ पक्ष्यांपैकी बहुतेक या ओल्या पट्ट्यात आणि डोंगरांत आहेत. स्थलांतरित पाहुणे ऑक्टोबर ते एप्रिल मुक्कामाला असतात. दक्षिण टोकाच्या पुढे थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीनच नसल्याने त्यांच्यापैकी पुष्कळांचा प्रवास इथेच संपतो. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा.

सिंहराजा हे ओल्या पट्ट्यातले सर्वांत महत्त्वाचे जंगल. १९७०च्या दशकात इथे यांत्रिक लाकूडतोड चालू होती. लोकांच्या विरोधानंतर ती थांबली आणि १९८८मध्ये जंगलाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. इथली खासियत म्हणजे मिश्र थवे. तासभर जंगल गप्प असते. मग नारिंगी चोचीच्या सातभाईंची कलकल जवळ येते आणि दोन-चार मिनिटांत वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडे हलू लागतात : खाली पाचोळा उलटणारे राखी डोक्याचे लाफिंगथ्रश, मधल्या फांद्यांवर कर्णा (ट्रोगॉन), शेंड्याकडे लाल तोंडाचा मलकोहा. थव्याची सरासरी संख्या चाळीसच्या आसपास असते व त्यात दहाहून अधिक जाती असतात. थव्याच्या पुढेमागे कोतवालवर्गीय पक्षी हमखास असतो. तो इतरांचे आवाज हुबेहूब काढतो आणि त्याच्या नकलांमुळे पांगलेले पक्षी पुन्हा एकत्र येतात, असे पक्षितज्ज्ञ सरथ कोटगमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासातून दिसले. निळा मॅगपाय मात्र बऱ्याचदा जंगलाच्या कडेला, माणसांच्या वावराजवळच भेटतो.

याच जंगलात पक्षितज्ज्ञ दीपल वारकागोडा यांना २००१मध्ये एक अनोळखी पिंगळा दिसला. त्याचा आवाज त्यांनी १९९५मध्ये कितुलगला इथे ऐकला होता, पण धनी सापडत नव्हता. २००४मध्ये ‘सेरेंदिब स्कॉप्स आउल’ या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तांबूस रंगाचा, कानावर तुरे नसलेला हा पक्षी दिवसा जमिनीपासून हातभर उंचीवर, दाट झुडपात बसतो. स्थानिक वाटाड्याशिवाय तो दिसणे जवळजवळ अशक्य. सहलींच्या वेळापत्रकात सिंहराजाला बहुधा एकच रात्र मिळते, ती अपुरी आहे. एक पाऊस आला की संपूर्ण सकाळ जाते. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे हवेतच. कोकणात पावसाळी भटकंती केलेल्यांना हे सांगायला नको.

डोंगरात नुवारा एलिया हा मुक्काम. तिथल्या व्हिक्टोरिया पार्कच्या कडेने वाहणारा ओढा घाण असतो, तरी हिमालयातून आलेला पाईड थ्रश आणि काश्मिरी माशीमार हिवाळ्यात त्याच्याच काठी शोधावे लागतात. नाकाला रुमाल लावून दुर्मीळ पक्षी पाहण्याचे असे ठिकाण विरळाच. पहाटे हॉर्टन प्लेन्स या उंच पठाराच्या वाटेवर आरेंगा, म्हणजे श्रीलंकन शीळ कस्तूर, शोधतात. रस्त्यालगतच्या एका छोट्या डबक्यापाशी तो उजाडताना काही मिनिटे बाहेर येतो आणि उन्हे पडली की रानात गडप होतो.

दक्षिणेकडचा कोरडा पट्टा सोपा आहे. तिस्सामहारामाच्या तलावांवर बगळे, तापस आणि जांभळ्या पाणकोंबड्या सहज दिसतात. याला राष्ट्रीय उद्यानात बहुतेक जण बिबट्यांसाठी आणि उदावलवेला हत्तींसाठीच येतात, पक्षी वरकड. याच पट्ट्यातले बुंदला १९९०मध्ये देशातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. तिथले रोहित पक्षी पुढे घटले, कारण सिंचन योजनेचे गोडे पाणी खाजणात येऊन खारेपणा बदलला.

मराठी पक्षिप्रेमींना इथे ओळखीचेही पुष्कळ भेटते. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचे एकच संवेदनक्षेत्र मानले जाते. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा बेट भारताला जोडलेले होते. कर्णा आणि बेडूकमुखी दोन्हीकडे आहेत. नावात सिलोन असलेला बेडूकमुखी गोव्याच्या जंगलातही पाहता येतो. कोकणात पावसाच्या तोंडावर साद घालणारा नवरंग हिवाळ्यात श्रीलंकेतही असतो. त्याला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच वाईट. रोजच्या गटांनी तेच केले तर पक्ष्याचा चरण्याचा वेळ या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे वाया जातो.

उत्तरेतील मन्नार बेट यादवी युद्धामुळे वर्षानुवर्षे पर्यटकांना बंद होते. २००९नंतर ते खुले झाले. रामसेतूच्या या टोकाला खेकडे खाणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर आणि रोहितांचे थवे दिसतात. जवळचे वंकालै अभयारण्य रामसर स्थळ आहे. २०२०च्या अखेरीस मन्नार बेटावर १०० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतरच्या मोठ्या प्रकल्पाला स्थलांतराच्या मार्गाचे कारण देत पर्यावरण संस्थांनी न्यायालयात आव्हान दिले, आणि २०२५मध्ये कंपनीने त्यातून माघार घेतली.