खात्याचे वारस, आयडीचे मित्र

ज्याला फक्त दुरून ओळखतो तो माणूस वारला, हे त्याच्या मित्रांना कळणार कसं? हौशी रेडिओवाल्यांकडे यासाठी जुनी सोय होती. कुणी वारलं की त्याला ‘सायलेंट की’ म्हणायचं, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या मासिकात अशांच्या कॉल साइनची, म्हणजे रेडिओवरच्या ओळखखुणेची, यादी छापून यायची. बातमी उशिरा पोहोचे, पण खात्रीची असे. कॉल साइन सरकारी परवान्यावर, खऱ्या नावानिशी नोंदलेली असायची. संकेतस्थळांवर आयडी, म्हणजे टोपणनाव, घेऊन लिहिणाऱ्यांच्या वाट्याला ही खात्री कधीच आली नाही.

कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये सुरू झालेल्या एका ऑनलाइन चर्चास्थळावर १९९० मध्ये एका जुन्या सभासदाने आपलं सगळं लेखन पुसून टाकलं. काही आठवड्यांनी त्याने आत्महत्या केल्याचं कळलं. इतरांनी त्याला दिलेली उत्तरं जागच्या जागी राहिली. ती ज्याला दिली तो मजकूर मात्र गायब होता. लेखन फक्त लिहिणाऱ्याचं, की ज्यांच्याशी तो वर्षानुवर्षं बोलला त्यांचंही, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

२००१ मध्ये त्यात संशयाची भर पडली. ल्युकेमियाशी झगडणाऱ्या एका अमेरिकन मुलीची ऑनलाइन रोजनिशी हजारो लोक वाचत होते. मे महिन्यात ती गेल्याची बातमी आली. वाचकांनी फुलं पाठवायला पत्ता मागितला तर पत्ता नाही, वर्तमानपत्रात निधनाची नोंद नाही. शोध घेणारेही वाचकच होते. मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती, कॅन्ससमधली एक मध्यमवयीन बाई ते सगळं लिहीत होती, हे काही दिवसांतच उघड झालं. तेव्हापासून अशा बातमीखाली पहिला प्रश्न ‘नक्की का?’ असाच येतो. विचारणाऱ्याला निर्दय म्हणणं सोपं आहे, पण हा प्रश्न त्याला अनुभवानेच शिकवलेला असतो.

मराठीत १९९६ पासून संकेतस्थळं आहेत आणि डूआयडींचा, म्हणजे एकाच माणसाने घेतलेल्या जादा आयडींचा, त्रास बहुधा तितकाच जुना असावा. इथे खातरजमेची वाट गटगमधून, म्हणजे सभासदांच्या प्रत्यक्ष भेटींमधून, जाते. ज्याच्याशी एकदा तरी प्रत्यक्ष भेट झालीय, फोन नंबरांची देवाणघेवाण झालीय, त्याच्या घरी कुणीतरी फोन लावू शकतं. मग संकेतस्थळावर श्रद्धांजलीचा धागा (चर्चेचं पान) निघतो, जुने लेख वर काढले जातात, कुणी खरं नाव लिहितं आणि दुसरं कुणी ते काढायला लावतं. जो कधीच कुठल्या गटगला आला नाही, त्याच्यासाठी असा धागा निघत नाही. तो रोमात (नुसता वाचणारा, न लिहिणारा) गेला असावा असं सगळे धरून चालतात.

नॉर्वेतल्या एका तरुणाची गोष्ट आता जगभर माहीत आहे. ड्युशेन या स्नायूंच्या आजाराने तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविशीत गेला. मुलगा दिवसदिवस संगणकावर खेळत एकटाच बसतो, अशी आईवडिलांची समजूत होती. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकून आपला ईमेल दिला आणि अनोळखी माणसांच्या मेलची रीघ लागली. खेळातले सोबती परदेशातून अंत्यविधीला आले. या गोष्टीत एक तपशील नेहमी मागे पडतो: वडिलांकडे ब्लॉगचा पासवर्ड होता. तो नसता तर त्या सोबत्यांच्या लेखी एक खेळाडू खेळायचा थांबला, एवढंच झालं असतं.

पुढचा बराचसा गुंता पासवर्ड आणि खात्याच्या ताब्याचा आहे, आणि त्याची सुरुवात ऑक्टोबर २००९ मध्ये झाली. फेसबुक तेव्हा ‘जुन्या मित्रांशी पुन्हा संपर्क साधा’ असं सुचवू लागलं होतं, आणि त्या सूचनांमध्ये वारलेल्यांचीही नावं येत होती. लोक चिडले. कंपनीने मग स्मृती-खात्याची व्यवस्था जाहीर केली: मृत्यूचा पुरावा आला की खातं सूचनांमधून बाद होईल, मित्रयादीतल्यांना भिंतीवर लिहिता येईल, पण आत शिरण्याचा रस्ता सगळ्यांना बंद. पासवर्ड माहीत असला तरीही. चोरट्यांपासून संरक्षण म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण ज्या दारातून नॉर्वेतले वडील पुढे ब्लॉगमध्ये शिरले, तसलं दार फेसबुकवर या निर्णयाने आधीच बंद झालं होतं, याची चर्चा फारशी झाली नाही.

ती झाली बर्लिनमध्ये, कोर्टात. डिसेंबर २०१२ मध्ये एक १५ वर्षांची मुलगी तिथल्या भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं; त्यातच गाडीच्या चालकाने भरपाईचा दावा लावला होता. मुलीने पासवर्ड आईला दिलेला होता. पण आई आत जाऊ पाहते तोवर खातं स्मृती-खातं झालेलं होतं, कारण कुणीतरी फेसबुकला मृत्यूची बातमी कळवली होती. कळवणारा कोण, हे कंपनीने सांगितलं नाही. तो मुलीच्या ऑनलाइन ओळखीतला असेल तर त्याने चांगल्याच हेतूने कळवलं असणार. परिणाम असा झाला की आई बाहेर राहिली.

खालच्या कोर्टाने २०१५ मध्ये आईच्या बाजूने निकाल दिला. मे २०१७ मध्ये बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला, आणि कारण दिलं ते मित्रांचं: मुलीशी ज्यांनी खाजगीत संभाषण केलं, त्यांनाही दूरसंचार गोपनीयतेचं संरक्षण आहे, त्यांची संमती नसताना ते वारसांना दाखवता येणार नाही. ऑनलाइन मित्र नावाचा पक्ष एखाद्या निकालात मध्यभागी आलेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. अर्थात ते मित्र स्वतः कोर्टात नव्हतेच. त्यांच्या वतीने युक्तिवाद कंपनी करत होती, आणि गोपनीयतेची ही कळकळ तिच्या इतर व्यवहारांत किती दिसते हे वाचकांना ठाऊक आहे.

हा निकाल जेमतेम वर्षभर टिकला. १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने खातं वारशाने आईवडिलांकडे येतं असं ठरवलं. रोजनिशी आणि खाजगी पत्रं वारसांना मिळतात, मग संदेश का नाही, हा मुख्य मुद्दा. दुसरा जास्त बोचरा: संदेश पाठवणारा तो एका खात्याकडे पाठवतो, आणि खात्यापाशी पलीकडे कोण बसलंय याची खात्री त्याला जिवंतपणीही नसते. कायदा म्हणून हे बिनतोड असेल. पण रात्री दोन वाजता आपल्या घरच्यांबद्दल मैत्रिणीला लिहिणारी पोरगी ‘एका खात्याला’ लिहिते, हे पटायला कठीण आहे. दुसरीकडे, मूल का गेलं हे न कळलेल्या आईला दाराबाहेर ठेवा, असंही म्हणवत नाही.

फेसबुकने त्यानंतर आईवडिलांना एक यूएसबी स्टिक दिली. तिच्यात १४,००० हून जास्त पानांची पीडीएफ होती. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की हा ढिगारा पुरेसा नाही, मुलगी जशी खात्यात वावरत होती तसं आईवडिलांना वावरता आलं पाहिजे. फक्त एक अपवाद: खात्याचा सक्रिय वापर करायचा नाही. म्हणजे मुलीच्या मित्रमैत्रिणींनी लिहिलेला शब्द न् शब्द वाचता येईल, पण त्याच खात्यावरून त्यांच्यापैकी एकालाही ‘ती गेली’ असं कळवता येणार नाही. मुलीच्या मृत्यूनंतरच्या जवळपास आठ वर्षांतून दोन्ही बाजूंच्या हाती आलं ते इतकंच.

भारतात असा निवाडा झालेला मला माहीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने मृत्युपत्र आपल्या कक्षेबाहेर ठेवलं, त्यामुळे ‘माझी खाती अमक्याला’ हे निव्वळ मेलवर लिहून भागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या १४व्या कलमात नामनिर्देशनाचा हक्क आहे. बँकेतल्या नॉमिनीची सवय असल्याने आपण इथेही बायको-मुलांचीच नावं घालू. कलमात मात्र ‘इतर कोणतीही व्यक्ती’ असं आहे, नात्याची अट नाही. नॉमिनी डेटा मागू शकेल, दुरुस्त करू शकेल, पुसायला लावू शकेल. १९९० मध्ये त्या सभासदाने स्वतः जे केलं, तशासारखं काही या कलमानुसार एखाद्याच्या मागे दुसरं कुणी करू शकेल. मित्रांना कळवण्याची जबाबदारी कुणावरच नाही.

त्या मानाने गुगलची २०१३ मधली सोय साधी आहे आणि तिची चर्चा सगळ्यात कमी झाली. खातं ठरावीक महिने वापरात नसलं की आपण आधीच लिहून ठेवलेला मजकूर जास्तीत जास्त दहा जणांना आपोआप जातो. मृत्यूचा दाखला लागत नाही, वारसांची परवानगी लागत नाही. त्या दहांत घरच्यांखेरीज कुणाला घालायचं याला बंदी नाही. फक्त ईमेल पत्ता माहीत असावा लागतो; आयडी चालत नाही.