जोडी फ्लॅट एक करताना: भिंत पाडण्याआधीची परवानगी आणि कागदपत्रं

शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत काढली की मुंबईत त्याला जोडी फ्लॅट म्हणतात. भिंत दोन दिवसांत पडते, पण मंजूर नकाशात ती उभीच असते. पुढे घर विकायला काढलं की खरेदीदाराच्या बँकेचा व्हॅल्युअर तोच नकाशा घेऊन येतो आणि कर्ज अडतं. म्हणून आधी मंजुरी घ्या, मगच घण उचला.

पहिला प्रश्न भिंतीचा. आरसीसी कॉलम-बीमच्या इमारतीत मधली भिंत बहुतेक वेळा विटांची किंवा ब्लॉकची असते, ती काढता येते. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत हीच भिंत वरचे मजले पेलत असते. मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये तर भिंती सळईसकट काँक्रीटच्याच असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावरच असतो. तिथे ‘पुढे जोडता येईल’ या तोंडी आश्वासनावर दुसरा फ्लॅट बुक करू नका. टोकन देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. विटांची भिंत असली तरी वरच्या बीमला हात लावायचा नाही. दाराची उंची बीमखालीच बसवायची.

दोन्ही फ्लॅट एकाच नावावर, किंवा त्याच सहमालकांच्या नावावर असावेत. एक नवऱ्याच्या आणि एक बायकोच्या नावावर असेल तर बक्षीसपत्राची वाट सोपी: राहत्या घरासाठी पती-पत्नीत मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा. कर्ज दोन बँकांचं असेल तर आधी ते एका बँकेकडे आणा. तारण कोणाचं कुठे संपतं हेच कळत नसेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) मिळणं कठीण.

फाइलमध्ये लागतं ते असं: दोन्ही करारनामे आणि इंडेक्स 2 (दस्तनोंदणीचा उतारा), दोन्ही शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि ठरावाची प्रत, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, इंजिनिअरचा स्थैर्य दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या, बँकेची एनओसी, 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र आणि आर्किटेक्टचा प्रस्तावित नकाशा. नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्या रंगात, नवं लाल रंगात. दोन दारांसमोरचा पॅसेज नकाशात घरात ओढलात तर फाइल परत येईल, कारण ती जागा सोसायटीची आहे. दुसऱ्या स्वयंपाकघराच्या जागी संडास दाखवला तरी तेच, कारण खाली कोणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

अर्ज लायसन्सधारक आर्किटेक्टमार्फत महापालिकेकडे जातो. मुंबईत डीसीपीआर 2034 ही विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, पुणे-नागपूरसारख्या शहरांत 2020 ची एकत्रित नियमावली. म्हाडाच्या वसाहतीत म्हाडाची आणि सिडकोच्या घरांना सिडकोची परवानगी वेगळी पाहावी लागते. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि सुधारित भोगवटा प्रमाणपत्र घ्या. बहुतेक लोक हाच टप्पा सोडतात, आणि हातात मंजुरी असूनही घर कागदावर दोनच राहतं.

अर्ज करण्याआधी एक हिशेब जरूर मांडा. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. 450 फुटांचे दोन फ्लॅट कागदावर एक झाले की 900 फुटांचं एक घर होतं आणि ही माफी जाते. पुनर्विकासातही डीसीपीआरच्या नियम 33(7)(ब) प्रमाणे प्रोत्साहनपर (जादा) क्षेत्र सध्याच्या क्षेत्राच्या 15 टक्के किंवा दर सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यांतलं जास्त ते धरतात. सदनिका कमी झाल्या तर हा आकडा बदलू शकतो. इमारत जुनी असेल आणि विकासकाशी बोलणी सुरू असतील तर थांबणंच शहाणपणाचं.

दोन वीज मीटर तसेच ठेवून कमी स्लॅबचा फायदा घेत राहिलात तर कंपनी दोन्ही वापर एकत्र धरून बिल काढू शकते. मीटर एक करताना मंजूर भार वाढवून घ्या, नाहीतर दोन एसी आणि गिझर एकदम चालवताना मुख्य एमसीबी पडत राहील. मेंटेनन्सचं सेवाशुल्क सोसायटी दर फ्लॅटमागे घेते. एकत्रीकरणानंतर ते एकपट की दुप्पट, हे एनओसीच्या ठरावातच लिहून घ्या.