प्रयोगाचं प्रमाण वाढवताना

टेक्सास टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात स्फोटक पदार्थांवरच्या संशोधनाला एक मर्यादा होती. नवं संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचं नाही. ही मर्यादा कुठे लिहून ठेवलेली नव्हती आणि सगळ्यांना ती माहीतही नव्हती. जानेवारी २०१० मध्ये दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निकेल हायड्राझिन परक्लोरेट जवळपास १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट बनवलं. चाचण्यांसाठी दर वेळी नवी खेप करायला नको, हा त्यामागचा विचार. थोडासा पदार्थ हेक्झेन या द्रवात भिजवला की आघात झाला तरी पेट घेत नाही, असं त्यांनी पाहिलं होतं, आणि जास्त पदार्थही तसाच वागेल असं गृहीत धरलं. त्यांच्यातला एकजण खलबत्त्यात गुठळ्या फोडत होता. काम झालं म्हणून त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मग आणखी एकदा ढवळावं म्हणून परतला. त्या स्फोटात त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली, अंग भाजलं.

चष्मा काढायला नको होता हे खरंच, पण सुरक्षेचं प्रशिक्षण बहुधा चष्म्यापाशीच सुरू होतं आणि तिथेच संपतं. हेल्मेट, हातमोजे, अग्निशामक कसा चालवायचा, शेवटी हजेरीची सही. चष्म्याची वेळ येण्याआधी ‘शंभरपट’ हा निर्णय झालेला होता. त्या निर्णयावर कोणी कोणाला काही विचारलं नाही. अभियंत्याचं तर कामच प्रमाण वाढवायचं असतं, म्हणून हा प्रश्न त्याला सगळ्यांआधी पडायला हवा.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. बशीत ओतलेला चहा पटकन निवतो, पातेल्यातला बराच वेळ गरम राहतो. उष्णता तयार होते ती सगळ्या घनफळात, बाहेर पडते ती मात्र पृष्ठभागातून. एक लिटरच्या भांड्यातली अभिक्रिया तशाच घडणीच्या ९,३०० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या टाकीत नेली, तर घनफळ ९,३०० पट होतं आणि पृष्ठभाग फक्त सुमारे ४४० पट. म्हणजे दर लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग एकविसाव्या हिश्श्यावर येतो. त्यात तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेगही वाढतो आणि उष्णता आणखी झपाट्याने तयार होते. थंडावा मागे पडला की अभिक्रिया हाताबाहेर जाते.

हे आकडे मनाचे घेतलेले नाहीत. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये टी-टू लॅबोरेटरीज ही छोटी कंपनी पेट्रोलमध्ये मिसळायचं एक मँगनीजयुक्त रसायन बनवत असे. प्रक्रिया एक लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तपासलेली, कारखान्यातला रिअ‍ॅक्टर सुमारे ९,३०० लिटरचा. सोडियम धातूची अभिक्रिया डायग्लाइम या द्रावकात चाले. १८२ अंश सेल्सिअसला थंड पाणी सोडायचं, अशी पद्धत होती. पण १९९ अंशांच्या वर सोडियम त्या द्रावकाशीच अभिक्रिया करू लागतो आणि ती कितीतरी जास्त उष्णता देते. मध्ये अंतर जेमतेम १७ अंशांचं, आणि पाण्याची पर्यायी सोय नाही.

१९ डिसेंबर २००७ रोजी दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी थंडाव्यात बिघाड झाल्याचा फोन मालकांना गेला. १ वाजून ३३ मिनिटांनी रिअ‍ॅक्टर फुटला. चार जण गेले. त्यात मालकांपैकी एक, स्वतः केमिकल इंजिनिअर, कंट्रोल रूममध्ये होता. जखमी झालेल्या ३२ जणांपैकी २८ जण आसपासच्या ठिकाणी काम करणारे होते.

रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने नमुना बंदिस्त कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या उपकरणात तापवून पाहिला, तेव्हा ती दुसरी अभिक्रिया स्पष्ट दिसली. मालकांना तिचा अंदाज नव्हता, असा बोर्डाचा निष्कर्ष आहे. मग बोर्ड थेट वर्गात शिरलं. अमेरिकेतल्या १८० विद्यापीठांच्या एका पाहणीत, फक्त ११ टक्के रासायनिक अभियांत्रिकी विभागांत पदवीच्या मुख्य अभ्यासक्रमात प्रक्रिया-सुरक्षा अनिवार्य होती. अपघाताच्या अहवालाने अभ्यासक्रमाकडे बोट दाखवावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे तिथल्या अभ्यासक्रम-मान्यतेच्या निकषांत प्रक्रियांमधल्या धोक्यांचा समावेश झाला.

तारापूर, रोहा, लोटे, पाताळगंगा इथल्या एमआयडीसींत आपली मुलं अशाच रिअ‍ॅक्टरांवर नोकरीला लागतात. डोंबिवलीच्या स्फोटांनंतर आसपासच्या इमारतींच्या फुटलेल्या काचा आपण पाहिल्या आहेत. मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि तो मोलाचा आहे. पण तो सेफ्टी ऑफिसर घडवतो. रिअ‍ॅक्टरचं डिझाइन करणारा एम.टेक. वेगळाच असतो, आणि धोका राहील की जाईल हे त्याच्या टेबलावर ठरतं. कमी घातक द्रावक निवडणं, साठा कमी ठेवणं, दाब वेळेत सोडणारी झडप बसवणं ही त्याची कामं. टी-टूच्या रिअ‍ॅक्टरवरची सुरक्षा-चकती, म्हणजे दाब वाढला की फुटून त्याला वाट देणारी चकती, बऱ्याच कमी दाबाला फुटेल अशी ठेवली असती, तर पहिल्याच अभिक्रियेत दाब निघून गेला असता, असं तपासात दिसलं. हातमोजे आणि चष्मा या क्रमात शेवटी येतात.

म्हणून सुरक्षेचा तास वेगळा नको, उष्णता-संक्रमणाच्या तासातच हवा. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या जॅकेटचं क्षेत्रफळ काढायला लावणाऱ्या गणिताला पुढचा प्रश्न जोडता येतो: पाणी बंद पडलं तर धोक्याच्या तापमानाला पोचायला किती मिनिटं लागतील, आणि तेवढ्या वेळात ऑपरेटरने नेमकं काय करायचं? प्रबंधासाठी प्रयोगाचं प्रमाण दहापट करायचं असेल, तर हेच उत्तर मार्गदर्शकाच्या सहीसह आधी लिहून द्यावं. कॅलरीमीटर नसेल तर ज्या संस्थेत आहे तिथे नमुना पाठवावा. आणि मर्यादा ठरली की ती फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगकपाटाच्या काचेवर, नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी वाचता येईल अशी लिहून चिकटवावी.