आधी ढोल, मग चिकन

गणपतीच्या महिना-दीड महिना आधी आमच्या नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, ढोलपथकांचा सराव सुरू होतो. पहिलं टिपरू पडलं की आमचा चिकू पलंगाखाली शिरायचा. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, तोंड उघडं ठेवून धापा टाकणं चालू. एरवी उकडलेल्या चिकनच्या वासाने गच्चीवरून धावत येणारा हा कुत्रा, नाकासमोर ठेवलेल्या तुकड्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. कुत्रा आवडतं खाणंही नाकारतो तेव्हा त्याची भीती टोकाला गेलेली असते. अशा वेळी त्याला काही शिकवता येत नाही.

“जवळ घेऊ नका, लाडाने अजून भित्रा होईल,” असं बऱ्याच जणांनी सांगितलं. हे खरं नाही. भीती ही भावना आहे, शिकवलेली करामत नव्हे, त्यामुळे पाठीवरून हात फिरवल्याने ती वाढत नाही. घाबरलेल्या जिवाला खुशाल जवळ घ्या.

चिकू गावठी. पाथर्डी फाट्याजवळच्या एका बांधकामावरून तो आमच्याकडे आला तेव्हा चार महिन्यांचा होता, आणि खरी गोम त्या वयातच आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी ओळखीचं होऊन जातं. त्यानंतर मात्र अनोळखी वस्तू आधी धोक्याची वाटते. चिकूचे ते आठवडे सिमेंटच्या गोण्यांमागे गेले.

वाईट याचं वाटतं, की चांगल्या घरात वाढणाऱ्या पिल्लांचेही हे आठवडे वाया जातात. लसींचे सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला दाराबाहेर न्यायचं नाही, असं आपण ठरवून टाकतो. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती रास्तच आहे, म्हणून जिथे इतर कुत्री घाण करतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नये. पण कडेवर घेऊन फिरवायला काय हरकत आहे? पहिली लस झाली की आठवड्याभराने सुरुवात करता येते. कॉलेज रोडची संध्याकाळची गर्दी, देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, लिफ्टचं दार, शाळेतून सुटलेली पोरं. रोज थोडं थोडं, आणि पिल्लू घाबरायच्या आत घरी.

बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ आपल्याच घरात असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती कृती पक्की होत जाते. जेवताना कुत्रा ताटाशी भुंकतो, कारण कधी ना कधी कुणीतरी पोळीचा तुकडा टाकलेला असतो. दहातून एकदाच टाकला तर सवय जास्तच चिवट होते, कारण पुढच्या खेपेला मिळेल ही आशा कधी मरत नाही. तुकडा पूर्ण बंद केला की पहिले काही दिवस भुंकणं उलट वाढतं. नेमकं तेव्हाच आजीला दया येते आणि कुत्रा शिकतो, की अजून जोरात भुंकायला हवं. म्हणून आधी सगळ्या घराचं एकमत हवं. शिवाय नुसता नकार पुरत नाही. ताटं वाढली की चटईवर जाऊन बस, तिथे तुला मिळेल, असा दुसरा रस्ताही त्याला दाखवावा लागतो.

मारण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. दुपारी चप्पल फाडली आणि तुम्ही संध्याकाळी ओरडलात, तर त्या दोन गोष्टींचा संबंध कुत्र्याला लागत नाही. “पण तोंड बघा की, चूक कळलीये त्याला!” कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. ते ओशाळलेलं तोंड मालक रागावला की दिसत होतं, मग कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो. आणि गुरगुरण्यावर तर कधीच मारू नये. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ अशी त्याने दिलेली सूचना. ती मारून बंद केली की भीती आत तशीच राहते आणि कुत्रा न सांगता चावतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्या. कान, दात, सांधे, कुठेतरी दुखत असू शकतं.

चिकूसाठी आम्ही जे केलं ते रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या घंटेचंच तत्त्व: एखाद्या आवाजामागून दर वेळी खाणं आलं, की तो आवाजच खाण्याची चाहूल होऊन जातो. सराव नसण्याच्या दिवसांत मोबाइलवर ढोलाचा आवाज लावला, इतका बारीक की चिकूचा फक्त एक कान हलला. लगेच चिकनचा तुकडा. आवाज बंद, चिकनही बंद. क्रम उलटा करायचा नाही: आधी ढोल, मग चिकन. रोज पाच मिनिटं. आठवडाभर तो सैल पडून राहिला तर आवाज एक घर वर, जरा ताठला की एक घर खाली. खाऊ निवडताना आपल्या जिल्ह्यात विशेष जपावं लागतं. घरोघरी असणारी द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं.

तीन महिने लागले. परवा वाऱ्यावर खरा ढोल ऐकू आला. चिकूने कान टवकारले, क्षणभर खिडकीकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन माझ्या हाताकडे बघत बसला.