फीडबॅक म्हणजे वाढीव एफएम नव्हे

सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावरचा सिंथेसायझर) उघडला की ऑपरेटरच्या, म्हणजे लहर तयार करणाऱ्या एका घटकाच्या, पॅनेलवर दोन नॉब बहुधा शेजारीशेजारी असतात. एक एफएमचा (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारिता हलवणं), दुसरा फीडबॅकचा (लहरीचं आउटपुट तिलाच परत देणं). कुठलाही फिरवला की आवाज उजळतो, आणखी फिरवला की खरखरीत होतो. त्यामुळे फीडबॅक म्हणजे थोडं जास्तीचं एफएम असा समज सहज होतो. मीही बराच काळ हे दोन नॉब एकाऐवजी दुसरा असे वापरत होतो, आणि जमलेला पॅच (आवाजाची मांडणी) पुढच्याच स्वरावर का बिघडतो ते कळत नव्हतं. नातं दोघांत आहेच, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

आधी एफएम. जॉन चाऊनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये 1967 साली हे ऐकलं, 1973 मध्ये शोधनिबंध लिहिला, आणि 1983 साली यामाहाच्या डीएक्स-7 या सिंथेसायझरमधून ते घराघरांतल्या वादकांपर्यंत पोचलं. कल्पना अशी: एक साइन लहर (कॅरियर) आपल्याला ऐकू येते आणि दुसरी (मॉड्युलेटर) तिला ढकलत राहते. दोघींच्या वारंवारितेचं गुणोत्तर (कॅरियर:मॉड्युलेटर) ठरवतं की कोणकोणते स्वर उमटणार. 1:1 ठेवलं तर मूळ स्वराच्या सगळ्या पटी मिळतात. 1:2 ठेवलं तर फक्त विषम पटी, म्हणून क्लॅरिनेटची आठवण होते. 1:1.4 ठेवलं तर पटीत न बसणारे स्वर येतात आणि घंटेचा नाद तयार होतो. कोण येणार हे गुणोत्तराने ठरलं की कोण किती मोठ्याने येणार हे इंडेक्स, म्हणजे ढकलण्याचा जोर, ठरवतो.

एफएमची खरी ओळख या इंडेक्समध्ये आहे. तो वाढवला की प्रत्येक घटक एकसारखा वाढत नाही. बेसेल फलनांनुसार (लाटांसारखी वरखाली होणारी गणिती फलनं) घटक वर येतात, बुडतात, पुन्हा उलट्या बाजूने वर येतात. 1:1 गुणोत्तरात दोन्ही साइन असतील तर इंडेक्स 1.84 च्या आसपास मूळ स्वर पूर्ण नाहीसा होतो! वरच्या पटी वाजत राहतात, पाया मात्र गायब. इंडेक्सवर एन्व्हलप (वेळेनुसार मात्रा चढवणारा-उतरवणारा आकार) लावून आवाज हळूहळू मिटवला की जो घुसळल्यासारखा, धातूच्या झळाळीचा रंग ऐकू येतो तो या चढउतारातून. इलेक्ट्रिक पियानोसाठी हे हवंहवंसं आहे. पण साधा, गुळगुळीत उजळत जाणारा ब्रास हवा असेल तर हीच गोष्ट आड येते.

फीडबॅकची गरज इथेच पडते. यामाहाचे नोरिओ तोमिसावा यांच्या नावावर 1981 चं अमेरिकन पेटंट आहे. त्यात ऑपरेटरचं आउटपुट काही प्रमाणात त्याच्याच फेजमध्ये (लहर चक्रात कुठे आहे ती जागा) परत घातलेलं आहे. वेगळा मॉड्युलेटर नाही, म्हणजे गुणोत्तरही नाही. लहर स्वतःलाच ढकलते, म्हणून जे काही उमटतं ते तिच्याच पटीत. फीडबॅकच्या नॉबने घंटा कधीच वाजणार नाही.

याचं गणित मला फार आवडतं. ऑपरेटरची आतली फेज घ्या, तिच्या साइनला फीडबॅकच्या मात्रेने गुणा आणि तो गुणाकार त्या फेजमधून वजा करा. उरते ती घड्याळाप्रमाणे एकसारखी पुढे सरकणारी फेज. हे हुबेहूब केप्लरचं समीकरण आहे. ग्रह लंबवर्तुळात केव्हा कुठे असेल हे ज्याने काढतात तेच, फक्त कक्षेच्या विकेंद्रतेच्या जागी फीडबॅकची मात्रा. त्याचं उत्तर बेसेल फलनांतच मिळतं, पण फार सुसंस्कृत रूपात. मात्रा 1 असताना मूळ स्वर 0.88, दुसरी पट 0.35, तिसरी 0.21, चौथी 0.14. कुणी बुडत नाही, सगळे पायऱ्यांसारखे उतरत जातात. मात्रा 0 पासून 1 पर्यंत नेताना लहर एका बाजूला कलत जाऊन करवतीच्या दातासारखी होते, आणि कानाला लो-पास फिल्टर (वरचे स्वर अडवणारा) उघडल्यासारखं वाटतं.

म्हणून माझ्या मते फरक ऐकायची सर्वांत चांगली जागा म्हणजे नॉबचा प्रवास. थांबलेल्या जागी 1:1 चं एफएम आणि फीडबॅक एकमेकांच्या बरेच जवळ येऊ शकतात. नॉब सावकाश फिरवा, मग गोंधळ राहत नाही: एफएममध्ये रंग बदलत राहतो, फीडबॅकमध्ये एकच रंग गडद होत जातो.

आता नावाचा एक घोळ. डीएक्स-7 आणि त्याच्या वळणावर लिहिलेले बहुतेक सॉफ्टवेअर सिंथ एफएम म्हणतात, पण प्रत्यक्षात फेज मॉड्युलेशन करतात. मॉड्युलेटर वारंवारितेला न ढकलता थेट फेजला ढकलतो. साध्या साइनच्या जोडीत याने फारसं बिघडत नाही. फीडबॅकमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खऱ्या अर्थाने वारंवारितेत फीडबॅक दिला तर लहर चक्राचा एक भाग भरभर पार करते आणि दुसऱ्या भागात रेंगाळते. रेंगाळण्यात जास्त वेळ जातो, म्हणून स्वर उतरतो. किती उतरतो? मात्रेचा वर्ग 1 मधून वजा करून वर्गमूळ काढा, तेवढ्या पटीला येतो. मात्रा 0.6 असेल तर वारंवारिता 0.8 पट, म्हणजे सा वाजवावा आणि मंद्रातला कोमल धैवत ऐकू यावा. 0.866 ला बरोबर एक सप्तक खाली. मात्रा 1 झाली की लहर एका जागी अडकून थांबते. फेजमधल्या फीडबॅकला हा रोग नाही. तिथे रेंगाळणं आणि धावणं दर चक्रात फिटतं आणि स्वर जागचा हलत नाही. तुमचा सिंथ कोणत्या जातीचा आहे हे पाहायला ट्यूनर पुरेसा आहे: एकच ऑपरेटर चालू ठेवा, फीडबॅक वाढवा, काटा सरकतो का बघा.

मात्रा 1 च्या पुढे काय? कागदावर समीकरणाला एकाहून जास्त उत्तरं येऊ लागतात. संगणकात तसं होऊ शकत नाही, कारण तिथे आउटपुट त्याच क्षणी परत घालता येत नाही, निदान एका सॅम्पलचा (ध्वनीच्या एका मोजमापाचा) उशीर होतो. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दराने हा उशीर 22.7 मायक्रोसेकंदांचा. नुसता मागचा सॅम्पल परत घातला तर 1 ओलांडताच लहरीच्या काही भागात आउटपुट एक सॅम्पल वर, एक खाली असं थरथरू लागतं. तोमिसावा यांची युक्ती इथे उपयोगी पडते: मागच्या दोन सॅम्पलची सरासरी परत घाला. एकाआड एक वरखाली होणारी थरथर सरासरीत मिटून जाते आणि ती मर्यादा 1 वरून 2 वर सरकते. त्यापुढे गोंगाट सुरू होतोच. मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलमधल्या यामाहा चिपमध्ये फीडबॅकच्या पातळ्या π च्या 1/16 पासून दुप्पट होत π च्या चौपटीपर्यंत जातात. चौथी पातळी 1.57 ची, पाचवी 3.14 ची. 2 ची मर्यादा नेमकी या दोघींच्या मध्ये पडते, म्हणून ऑपरेटर पूर्ण पातळीवर असताना चौथीपर्यंत स्वर आणि पाचवीपासून खरखर. स्नेअर ड्रमचा आवाज करायला ती खरखर सोन्यासारखी आहे.

स्वतः सिंथ लिहिणाऱ्यांनी किंवा मॉड्युलर वातावरणात जोडणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. प्युअर डेटा (ध्वनीसाठीचं प्रोग्रॅमिंग वातावरण) मुळात 64 सॅम्पलच्या ब्लॉकने चालतं. तिथे तारेने फेरा पूर्ण केला तर उशीर 1.45 मिलिसेकंदांचा होतो आणि त्यातून येणारा आवाज ऑपरेटरच्या फीडबॅकचा नसतो, वेगळंच काहीतरी असतं. त्या भागापुरता ब्लॉक 1 करावाच लागतो. ओव्हरसॅम्पलिंग (आत जास्त सॅम्पल दराने चालवणं) लावल्यावरही उशीर बदलतो, म्हणून मर्यादेपलीकडचा गोंगाट प्रत्येक सॅम्पल दराला वेगळा निघतो.

दोन्ही एकत्र करताना

दोन ऑपरेटर आहेत, एक दुसऱ्याला ढकलतो आहे, आणि हातात एक फीडबॅक आहे. तो मॉड्युलेटरवर लावायचा की कॅरियरवर? पॅनेलवर दोन्ही सारखंच दिसतं, पण निकाल अगदी वेगळा.

मॉड्युलेटरवर लावला तर कॅरियरला साइनऐवजी करवतीसारखी लहर ढकलते. इंडेक्स 1.5 आणि फीडबॅक 1 धरा. मॉड्युलेटरच्या मूळ स्वराचा वाटा 1.32, दुसऱ्या पटीचा 0.53, आणि दहावीपर्यंत जाताना जेमतेम 0.06. वाटा उतरता राहतो, त्यामुळे आवाज दाट होतो पण आवाक्यात राहतो. एफएममधला घुसळणारा चढउतारही बऱ्यापैकी पुसला जातो.

कॅरियरवर लावला तर गोष्ट उलटते. उशीर बाजूला ठेवला, तर करवतीसारख्या कॅरियरची संपूर्ण फेज ढकलली जाते, म्हणजे त्याच्या प्रत्येक पटीला स्वतःचा, तितक्याच पट मोठा इंडेक्स मिळतो. पहिलीला 1.5, पाचवीला 7.5, दहावीला 15. कॅरियर 880 हर्ट्झचा आणि गुणोत्तर 1:1.4 असेल तर दहाव्या पटीभोवतीचे घटक 28,512 हर्ट्झपर्यंत सहज पोचतात. 44,100 च्या दरात त्याच्या निम्म्यापर्यंतचेच घटक मावतात, म्हणून हे दुमडून 15,588 ला परत येतात आणि आवाजात काचा पेरल्यासारखं होतं. हाच पॅच दोन सप्तकं खाली गोड वाजत असतो, म्हणून चूक सापडत नाही.

ऐबलटनच्या ‘ऑपरेटर’ नावाच्या सिंथमध्ये ज्या ऑसिलेटरला दुसरा कुणी ढकलत नाही त्यालाच फीडबॅक मिळतो. अनेकांना हे बंधन जाचक वाटतं, मला ते शहाणपणाचं वाटतं. मॅट्रिक्सवाल्या सिंथमध्ये (कोण कुणाला ढकलतो ते चौकोनी तक्त्यात ठरवणाऱ्या) मोकळीक असते: कर्णावरची घरं म्हणजे फीडबॅक, बाकीची घरं एफएम. कर्णाच्या दोन्ही बाजूंची जोडीदार घरं एकदम उघडली तर दोन ऑपरेटरांचा फेरा तयार होतो. डीएक्स-7 च्या 4 आणि 6 क्रमांकाच्या अल्गोरिदममध्ये (ऑपरेटरांच्या ठरलेल्या जोडणीत) असाच लांबचा फेरा आहे. तो ना निव्वळ एफएम, ना साधा फीडबॅक, आणि केप्लरचं सोपं उत्तर तिथे चालत नाही.

फीडबॅक एन्व्हलपच्या आधी उचलला आहे की नंतर, हेही बघून घ्या. यामाहाच्या पद्धतीत नंतर उचलतात, त्यामुळे ऑपरेटर मावळतो तशी त्याची करवत बोथट होऊन साइनकडे परतते. मॉड्युलेटरवर अशी जोडणी असेल तर एकाच एन्व्हलपमधून इंडेक्सही उतरतो आणि मॉड्युलेटरचा आकारही मऊ होतो. ब्रास करायचा असेल तर मी इथूनच सुरुवात करतो: गुणोत्तर 1:1, मॉड्युलेटरवर फीडबॅक 0.8 च्या आसपास, आणि इंडेक्स साध्या साइनला ठेवला असता त्याच्या निम्म्यावर.