वेफर मायक्रोवेव्ह ॲनीलिंगला पाठवण्यापूर्वी

वेफर म्हणजे चिपसाठीची अर्धवाहकाची पातळ चकती, आणि ॲनीलिंग म्हणजे ती तापवून आतला स्फटिक नीट करणं. बरेच ग्राहक वेफरसोबत फक्त तापमान आणि वेळ लिहून पाठवतात. साध्या भट्टीला तेवढं पुरतं. आमच्याकडे पुरत नाही, कारण मायक्रोवेव्हमध्ये उष्णता वेफरच्या आतच तयार होते आणि ती किती होईल हे मुख्यतः त्याच्या डोपिंगवर, म्हणजे त्यात मुद्दाम मिसळलेल्या परक्या अणूंवर ठरतं.

शुद्ध सिलिकॉन गार असताना २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषत नाही. असा वेफर आम्ही ग्राफाइटच्या ससेप्टरवर, म्हणजे लहरी शोषून तापणाऱ्या तबकडीवर ठेवतो. आधी ग्राफाइट तापतं, मग त्याच्या आचेने वेफर. भरपूर डोप केलेला वेफर मात्र लगेच तापू लागतो. तापला की मोकळे वाहक (विद्युतभार वाहणारे कण) वाढतात, ते वाढले की शोषण आणखी वाढतं, आणि पॉवर वेळेवर उतरवली नाही तर तापमान हाताबाहेर जातं.

या पद्धतीचा खरा फायदा सिलिकॉन कार्बाइडला. आयन इम्प्लांटेशननंतर (आयनांचा मारा करून परके अणू आत घुसवल्यावर) ॲल्युमिनियमचे अणू स्फटिकात नीट बसवायला १६०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. साध्या भट्टीला चढायला-उतरायलाच बराच वेळ लागतो. तेवढ्यात पृष्ठभागावरचं सिलिकॉन उडून जातं आणि गुळगुळीत वेफरवर पायऱ्या पडतात. मायक्रोवेव्हमध्ये भट्टीच्या भिंती तापवायच्या नसतात, त्यामुळे हा प्रवास काही सेकंदांत उरकता येतो. सिलिकॉन उडू नये म्हणून वेफरवर कार्बनचा थर लावतात. ‘इतकं झटपट होतं, मग कार्बनचा थर कशाला?’ असं विचारलं जातं. आमचा आग्रह आहे, थर लावूनच पाठवा.

सगळीकडे सारखं तापमान मिळणं अवघड, हे आधीच सांगतो. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, म्हणजे १५० मिलिमीटरच्या वेफरवर गरम-गार पट्टे पडू शकतात. घरच्या ओव्हनमधली ताटली फिरते ती याचसाठी. आम्हीही वेफर फिरवतो. तरी कडेचा भाग मोजमापात धरू नका.

तापमान पायरोमीटरने, म्हणजे वेफरमधून येणारं इन्फ्रारेड बघून मोजतो. कमी डोप केलेलं सिलिकॉन साधारण ६०० अंशांच्या खाली इन्फ्रारेडला बरंचसं पारदर्शक असतं, म्हणून तिथे पायरोमीटरला वेफरऐवजी खालचं ग्राफाइट दिसतं. त्या टप्प्यातले आकडे आम्ही अहवालात देत नाही.

धातूचे पॅड किंवा पट्ट्या असलेले वेफर न विचारता पाठवू नका. पॅडच्या कडांवर ठिणग्या उडतात आणि वेफर वाया जातो.

ऑर्डरसोबत वेफरची रोधकता, जाडी, दोन्ही बाजूंचे थर आणि इम्प्लांटचा डोस (दर चौरस सेंटीमीटरला घुसवलेले अणू) लिहा. रोधकता माहीत नसेल तर एक फुटका तुकडा जास्तीचा पाठवा, आधी तो तापवून पाहू.