हळद उकडल्याने कस जातो, हे खरं नाही

"हळद उकडली की कस पाण्यात जातो, कच्ची कापून वाळवलेलीच खरी औषधी." सांगलीकडे घरच्यापुरती हळद लावणाऱ्यांना हे हमखास ऐकवलं जातं. काहिलीतलं पाणी पिवळं होतं, म्हणून ते पटतंही. पण हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे असतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थोडं सुगंधी तेल मात्र वाफेबरोबर उडतं.

उकडल्याने हळकुंडातला स्टार्च शिजतो, रंग आतपर्यंत सारखा होतो, कोंब फुटत नाहीत आणि वाळायलाही वेळ कमी लागतो. कच्चे काप उन्हात पसरले तर उलट प्रकाशानेच कर्क्युमिन कमी होतं, रंग फिका पडतो.

खरं नुकसान होतं ते अंदाज चुकल्यावर. जास्त उकडली तर रंग बिघडतो, कमी पडली तर हळकुंड ठिसूळ राहतं. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत उकडायला घ्या. फेस आला, पांढरी वाफ आणि हळदीचा वास सुटला, की बोथट काडी टोचून बघा. सहज आत गेली की लगेच उतरवा. मग 10 ते 15 दिवस ऊन द्या, रात्री झाकून ठेवा. वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं. नुसतं वाकत असेल तर अजून ऊन हवं.